ऑर्किडखालची ताटली

तुमच्या घरी ऑर्किडची कुंडी असेल, तर पुढे वाचण्यापूर्वी तिच्याखालची ताटली एकदा पाहून यावी. तीत पाणी साचलेले दिसले, तर आजचा मजकूर तुमच्यासाठी आहे. थोडाफार तो माझ्या कबुलीजबाबाचाही आहे.

चार वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या एका रुग्णाने फेलेनॉप्सिसचे रोप मला आणून दिले. त्याच्या पांढऱ्या फुलांनी दोन महिने आमचा दिवाणखाना उजळून टाकला. फुले गळाली आणि माझ्यातील डॉक्टर जागी झाली. रोज सकाळी पाणी, आठवड्याला खत. पाने सुरकुतली, तेव्हा पाणी आणखी वाढवले. अखेर रोप गेले. कुंडी उपडी केली, तो मुळे तपकिरी पडून लिबलिबीत झालेली.

चूक निदानातच होती. फेलेनॉप्सिस, व्हँडा यांसारखी ऑर्किडे मातीत नव्हे, तर झाडांच्या अंगावर वाढतात. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या सह्याद्रीतील झाडांवर लोंबणारी ‘सीतेची वेणी’ ही त्यांच्याच कुळातली. ती झाडाचा केवळ आधार घेते, रस शोषत नाही. तिला बांडगूळ म्हणणे अन्यायाचे आहे. या वनस्पतींच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाची सर आली की ते पाणी टिपून घेते आणि मग वाऱ्यावर सुकते. हे सुकणे घडलेच नाही, तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. आणि कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणून तहानलेल्या रोपाची आणि पाण्याने गुदमरलेल्या रोपाची पाने सारखीच सुरकुततात. चक्कर येते म्हणणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब न मोजताच गोळी वाढवावी, तसे मी वागले होते.

दुसऱ्या खेपेस शहाणपण सुचले. माती वर्ज्य, विटांचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांनी भरलेली, भरपूर भोकांची पारदर्शक कुंडी. पारदर्शक अशासाठी, की मुळे दिसावीत. ओली मुळे हिरवी असतात, सुकली की रुपेरी होतात. रुपेरी झाल्यावरच पाणी घालावे, तेही सकाळी. पुण्याच्या उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, पावसाळ्यात आठवडाभर येत नाही. प्रकाश पडद्याआडून यावा तसा. पाने फार गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतो आहे, पिवळसर वा लालसर झाली तर ऊन अधिक होते आहे, असे समजावे. दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या की फेलेनॉप्सिस फुलांचा दांडा काढते. तेवढा गारवा त्याला लागतोच. त्यामुळे वातानुकूलित खोलीत त्याला कोंडण्यापेक्षा पूर्वेची गॅलरी बरी.

आता ताटलीकडे वळू. ऑर्किडला दमट हवा मानवते, म्हणून कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेली पसरट ताटली ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मीही पाच ताटल्या मांडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात माझ्या सासूबाईंना ताप आला. डेंग्यूची चाचणी सकारात्मक निघाली. वय 78, त्यात हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू. रक्तातील चपट्या पेशी उतरू लागल्या, तशी ती गोळी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून थांबवावी लागली. प्रत्येक दिवस मोजून काढला. त्याच आठवड्यात पालिकेचा कर्मचारी घरोघरी तपासणी करीत आमच्याकडे आला. त्याने गॅलरीतल्या ताटल्यांत विजेरीचा झोत टाकला, खडे बाजूला सारले आणि काही न बोलता मला जवळ बोलावले. खड्यांच्या सांदीत अळ्या वळवळत होत्या. वर्षानुवर्षे ‘कुंडीखालचे पाणी फेका’ असे रुग्णांना बजावणारी मी मान खाली घालून उभी राहिले. सासूबाईंना चावलेला डास याच ताटलीतला होता, हे सिद्ध करता येणार नाही. नव्हता, असे म्हणण्याचे धैर्यही मला नाही.

एडिस डासाची मादी स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवामानात साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही; आठवड्यातून एकदा ताटली काथ्याने घासून उन्हात वाळवावी. ऑर्किडपुरते सांगायचे, तर पावसाळ्यात ताटली मुळी नकोच, कुंडी टांगून ठेवावी. उन्हाळ्यात रोपे एकमेकांजवळ ठेवून सकाळी हलका फवारा मारला तरी पुरते.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल, तर हेही ध्यानात ठेवावे: ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नाही, पुष्कळदा तो तेव्हाच सुरू होतो. पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. तापावर पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच. आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल, तर ती परस्पर बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावे.

जाता जाता आणखी एक. कुंडीत घालण्यासाठी मिळणारे वाळके शेवाळ हाताळताना हातमोजे घालावेत. त्यातील एक बुरशी बोटावरच्या बारीकशा जखमेतून त्वचेत शिरते आणि हातावर ओळीने गाठी उठवते. अशा गाठी आल्या, तर डॉक्टरांना आपला बागकामाचा छंद आवर्जून सांगावा. आम्हांला तो सुचेलच असे नाही.

सासूबाई बऱ्या झाल्या. रविवारी सकाळी गॅलरीची तपासणी आता त्याच करतात. काठी टेकत येतात, एकेका कुंडीखाली डोकावतात, आणि माझ्या हाती काथ्या देतात.