भान सुटणारच, ते परत आणता येतं

घरात असा एक माणूस असतोच. गॅसवर दूध ठेवून तो बाल्कनीत जातो, कपडे वाळत घालता घालता कुणाला तरी फोन करायचा राहिल्याचं त्याला आठवतं, आणि बोलणं रंगात येईपर्यंत दूध उतू जाऊन ओटाभर पसरलेलं असतं. खात्यात पैसे असूनही त्याचं विजेचं बिल थकतं. बैठकीत समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच तो बोलून मोकळा होतो. धांदरट, वेंधळा, बेजबाबदार हे शिक्के त्याच्यावर शाळेतच बसलेले असतात आणि चाळिशीपर्यंत त्याला स्वतःलाही ते पटलेले असतात.

यातल्या काहींना एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणाला आवर घालणं अवघड करणारा विकार, असतो. अनेकदा तो कळतो मुलाच्या निमित्तानं. डॉक्टर मुलाची लक्षणं सांगत असतात आणि शेजारी बसलेली आई मनात म्हणते, अहो, ही तर मीच! यात नवल नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनुसार या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के आहे. निदानाच्या निकषांत लक्षणांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागते. म्हणजे गेल्या वर्षी मोबाइलमुळे उडालेलं लक्ष आणि हा प्रकार एक नव्हे. झोपेचा अभाव, नैराश्य, चिंता, थायरॉइडचे विकार यांमुळेही लक्ष उडतं. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट तपासणी हवी.

एवढ्यात कुणीतरी हमखास सुचवतं, ‘ध्यानाला बसत जा.’ कुणी थेट इगतपुरीचा रस्ता दाखवतं. तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं आणि दिवसातले सुमारे दहा तास ध्यान करायचं, अशी शिस्त असते. असंख्य लोकांना तिचा लाभ झाला आहे. पण अर्ध्या तासाच्या बैठकीत ज्याला जागेवर बसवत नाही, त्याला पहिल्याच झटक्यात तिथे धाडणं म्हणजे त्याच्या अपयशांच्या यादीत आणखी एकाची भर घालण्याची सोय करणं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत काम करताना डॉ. लिडिया झायलोव्हस्का यांनी हे ओळखलं. त्यांनी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यात ध्यान सुरुवातीला फक्त पाच मिनिटांचं होतं, पुढे हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत. बसवत नसेल तर चालत ध्यान करायची मुभा होती, आणि रोजच्या कामांत भान ठेवण्यावर भर होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राथमिक अभ्यासात बहुतेकांनी हा कार्यक्रम पुरा केला. मध्येच सगळं सोडतो असं ज्याच्याबद्दल सर्रास बोललं जातं, त्याच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या, एडीएचडी असलेल्या १२० प्रौढांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना अशा सरावाची जोड मिळालेल्यांची लक्षणं अधिक कमी झाली आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता. अर्थात तुलना फक्त नेहमीच्या उपचारांशी होती, त्यामुळे सुधारणेतलं थोडं श्रेय गटात मिळालेल्या आपुलकीलाही द्यायला हवं.

मन एका जागी खिळवणं, अशी या सरावाबद्दलची समजूत सर्वत्र आहे. तिथेच माणसं हरतात. रियाजात सूर सुटतो आणि गवई तो पुन्हा धरतो. ते पुन्हा धरणं रियाजाचाच भाग असतो. मन भरकटलं हे लक्षात येणं आणि त्याला न रागावता परत आणणं, सराव एवढाच आहे. लक्षात येण्याला इथे फार मोल आहे, कारण एडीएचडी असलेल्या माणसाला आपण भरकटलो हेच बहुधा उशिरा कळतं.

त्यासाठी आसन लागत नाही. आपल्या रेल्वेच्या इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नलचा रंग मोठ्यानं पुकारतात, हातानं खूणही करतात. जपानी रेल्वेतही हीच पद्धत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली घेतलेल्या प्रयोगात, बोट दाखवून पुकारल्यावर साध्या कामातल्या चुका शंभरामागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या. घराबाहेर पडताना कुलपावर हात ठेवून ‘कुलूप लावलं’ असं म्हणणारी गृहिणी तेच करते. हाताला लागणारा थंड धातू, कानावर पडणारा स्वतःचा आवाज, आणि मग जिन्यात अर्ध्यावरून परत वर जावं लागत नाही. भांडी घासताना पाण्याचा स्पर्श, स्टेशनच्या जिन्यावर पावलांचा भार, व्हॉट्सॲपवर तिखट उत्तर पाठवण्याआधी आवळलेला जबडा: जागं होण्याच्या या जागा दिवसभर विखुरलेल्या असतात. नव्यानं वेळ काढावा लागत नाही, आणि ज्याचं वेळेचं गणितच चुकतं त्याला तर तेच परवडतं.

हे औषधाला पर्याय म्हणून मात्र कुणी विकू नये. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी अनेकांचा दिवस पहिल्यांदाच सरळ चालतो. मधुमेह्याला ‘गोळी सोड, मन खंबीर कर’ असं आपण सांगत नाही. लक्षाच्या बाबतीत ते सहज सांगितलं जातं आणि त्यानं माणसं उपचारांपासून तुटतात. डॉक्टर गाठणं अवघड असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

आणि सगळा भार एकट्या एडीएचडी असलेल्या माणसावर टाकणंही अन्यायाचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीची मात्र वेगळी नोंद नाही. त्यामुळे नोकरीत सवलत मिळाली तर ती वरिष्ठांच्या समजूतदारपणावर. ही नोंद व्हायला हवी. तोवर साहेबांनी तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून पाठवावं आणि सकाळचा एक तास त्याला कुणी हाक मारू नये, एवढं तर कुठल्याही कचेरीत उद्यापासून सुरू करता येईल.