कंपनीत गेलेला पोरगा आदिवासी राहत नाही का?



मागच्या महिन्यात आपल्याच एका वाडीत वनहक्क समिती बसली होती. दाव्यांची यादी वाचून चालली होती. एका घराचं नाव आलं तसे एक जाणते बाबा म्हणाले, "याचा नातू चाकणला कंपनीत आहे. गळ्यात पट्टा घालून फिरतो. याला कशाला जंगलजमीन? खोडा नाव." दोघातिघांनी माना हलवल्या. नाव खोडलं गेलं नाही, कारण त्या घरची आजी उठली आणि म्हणाली, "मग माझं भात कोण लावतं? कंपनी येती का आवणीला?" सगळे हसले, यादी पुढं सरकली. पण ती भाषा आपल्याच माणसाच्या तोंडून निघाली, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही संघटनेची चार-पाच पोरं वर्षातले सहा-सात महिने चाकणलाच असतो. बारावी झाली, पुढं शिकायला पैसे नव्हते, वाड्यावरून एसटी धरली आणि गेलो. कुरुळीत एका खोलीत आठ जण राहतो. कोणाची दिवसपाळी, कोणाची रातपाळी, म्हणून आठ जणांना चार गाद्या पुरतात. तिथं जे बघितलं, त्यावरून सांगतो.

चाकणच्या तळेगाव चौकात नाहीतर आंबेठाण चौकात ठेकेदाराच्या माणसाकडं कामाला गेलं, की तो आधी नाव विचारत नाही, गाव विचारतो. गावावरून त्याचा हिशोब ठरलेला असतो. विदर्भातला असला तर झोपाळू. मराठवाड्यातला असला तर गरजू आहे, पण गावी गेला की महिना महिना येत नाही. कोल्हापूर-साताऱ्याचा असला तर डोकं गरम. खेड-चाकणचा स्थानिक असला तर नकोच, कारण एकाला बोललं की गाव गोळा होतं. बिहार-युपीचा असला तर लगेच घ्या, मान खाली घालून बारा तास उभा राहतो. आणि आपण? "भीमाशंकरकडचा काय? माणसं गरीब असतात, पण सांगून जात नाहीत. हिरडा आला की गायब." हे आम्ही समोर उभं राहून ऐकलंय.

आता आमच्या खोलीत बघा. यवतमाळचा जो आहे, ज्याला झोपाळू म्हणायचं, तो सलग दोन पाळ्या करतो, कारण बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे. कोल्हापूरच्या पोराचा आवाज आम्ही अजून मोठा ऐकलेला नाही. नांदेडचा गावी जाऊन लांबतो हे खरं आहे. पण त्याची चार एकर कोरडवाहू आहे, पेरणीला दुसरं कोणी नाही. तो घरी झोपायला जात नाही.

स्थानिकाचंही तसंच. चाकणच्या शेतकऱ्याला सगळे 'गुंठामंत्री' म्हणून हसतात. जमीन विकली, गाडी घेतली, गळ्यात सोन्याची साखळी. असे आहेत, नाही म्हणत नाही, बोर्डावर त्यांचेच फोटो असतात. पण आमची खोली ज्या मावशींची आहे, त्यांची जमीन एमआयडीसीत गेली. पैसे भावकीत वाटून आणि कोर्टात संपले. आता आठ-आठ जणांना खोल्या भाड्यानं देतात, आणि पोरगा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. जमीन गेली त्याच गावाच्या हद्दीत कंपनी उभी आहे, आणि त्या पोराला गेटवर ऐकवतात, "लोकल नको." राज्य सरकारचं जुनं धोरण आहे की कारखान्यात ८० टक्के माणसं स्थानिक पाहिजेत, आणि स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. त्या हिशोबानं गडचिरोलीचा माणूससुद्धा चाकणला स्थानिक झाला. कागदावर तो स्थानिक, चौकात तो बाहेरचा, आणि जो खरोखर इथला त्याला तर घेतच नाहीत.

आता 'बिहारी'. आमच्या खोलीत मागच्या दिवाळीला एक पोरगा आला. खोलीतले सगळे त्याला बिहारी म्हणत, आम्हीपण म्हणायचो. आमच्यातले काही जण तर म्हणायचे की हेच आपल्या नोकऱ्या खातात. एक दिवस आमच्यातला एक जण घरी फोन लावून 'जोहार' म्हणाला, तसा हा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "तुम लोग जोहार बोलते हो?" तो संथाळ निघाला, दुमका जिल्ह्यातला. म्हणजे झारखंडचा. बिरसा मुंडांच्या जयंतीला, १५ नोव्हेंबर २००० ला, झारखंड बिहारपासून वेगळं झालं. हा पोरगा शाळेत जायच्या आधीपासून बिहारी राहिलेला नाही, आणि आदिवासी तर जन्मापासून आहे.

त्याच्या आजोबांची जमीन मयूराक्षी नदीवरच्या मसानजोर धरणात बुडाली. ते धरण १९५५ सालचं. पाणी बहुतेक बंगालला गेलं, माणसं डोंगरावर चढली. आम्ही त्याला घोड नदीवरच्या डिंभ्याची गोष्ट सांगितली, आपली खाचरं कशी गेली आणि पाणी खाली बागायतीला कसं गेलं ते. तो म्हणाला, "वही तो." त्यांच्याकडं १९४९ चा संथाल परगणा कायदा आहे, आदिवासीची जमीन दुसऱ्याला विकता येत नाही. पण धरणाला जमीन घेताना तो कायदा आडवा आला नाही.

मग आम्ही त्याला विचारलं, तुम्ही बारा तास का बरं गप राहता? त्यानं सरळ सांगितलं. आणणाऱ्या मुकादमाला घरून निघतानाच उचल घेतलेली आहे. आधार कार्ड त्याच्याकडं ठेवलंय. गावाला जायला दोन दिवस लागतात. भाषा येत नाही, पोलीस स्टेशन कुठं ते माहीत नाही. भांडला तर रात्री झोपायचं कुठं? ठेकेदार याला 'मेहनती स्वभाव' म्हणतो. तोच पोरगा दुमक्यात पंचायतीशी रस्त्यासाठी भांडून आलाय, त्यानं मोबाईलमध्ये फोटो दाखवले.

हे समजल्यावर आम्हाला आपल्या 'पळून जाण्या'चा पण हिशोब लागला. आपला पोरगा पळतो कधी? राब भाजायचा असतो तेव्हा, बाळहिरडा गोळा करायचा असतो तेव्हा, आवणीला, आणि भात कापायला. म्हणजे घरी थोडं का होईना रान आहे, झाड आहे, म्हणून जातो. ज्याच्या घरी एक गुंठाही नाही, असा आपलाच कातकरी भाऊ कुठं पळतो? तो दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला की पावसापर्यंत तिथंच, बायकापोरांसकट, कारण उचल फिटलेली नसते. गप राहतो कोण आणि परत जातो कोण, हे जिल्ह्यावरून ठरत नाही. मागं जमीन आहे का आणि डोक्यावर उचल आहे का, यावरून ठरतं.

आणखी एक. ठेकेदार स्वतः सात महिन्यांनी सगळ्यांना 'ब्रेक' देतो, म्हणजे कामावरून काढतो. २४० दिवस सलग भरले की कायद्यानं कामगाराचा काही हक्क तयार होतो, तो होऊ द्यायचा नसतो. त्याला पळून जाणं कोणी म्हणत नाही.

आपल्यावरचे शिक्के तरी कुठं कायमचे असतात? आज आपण 'भोळे, गरीब'. इंग्रजांच्या कागदात याच डोंगरातले महादेव कोळी दरोडेखोर होते. राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. आपल्या जांभोरीचे होनाजी केंगले १८७० च्या दशकात सावकारांच्या मागं लागले, त्यांचं नाव पण तसंच लिहिलं गेलं. डोंगर तेच, घराणी तीच. सावकाराला विरोध केला तेव्हा लुटारू, आणि आता कमी पगारात उभे राहतो तर भोळे. दारूचं पण बोलून टाकतो. पगाराच्या दिवशी आपली काही पोरं पितात, आम्ही त्यांना उचलून खोलीवर आणलंय. त्याच दुकानासमोर मोठ्या गाड्या पण उभ्या असतात. त्या गाडीवाल्यांच्या जातीला कोणी दारूडी म्हटलेलं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

पण साथींनो, दुसऱ्याच्या नावानं ओरडून उपयोग नाही. आपल्या वाड्यांत काय चालतं? महादेव कोळी आणि ठाकर बसले की 'कातकरी म्हणजे चोर' हे सहज निघतं. गेल्या उन्हाळ्यात एका गावात विहिरीवरची मोटर गेली. कोणी विचारलं नाही, शोधलं नाही, सरळ कातकरवाडीत जाऊन भांडी उलथी केली. तिसऱ्या दिवशी कळलं, मालकाच्या पुतण्यानं मोटर रिवाइंडिंगला नेली होती. माफी मागायला कोणी गेलं नाही. आम्हीपण गेलो नाही, ही आमची चूक. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारनं अतिअसुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत. त्यातली एक आपल्या शेजारी राहते, आणि वनहक्काच्या यादीत तिची घरं सगळ्यात कमी.

आता त्या आजीच्या दाव्याकडं येतो. "कंपनीत गेला तो आदिवासी नाही" हा पण शिक्काच आहे, आणि चाकणच्या शिक्क्यांपेक्षा आपल्याला महाग पडणारा. ठेकेदाराचा शिक्का नोकरी घालवतो, हा जमीन घालवेल. २००६ च्या वनहक्क कायद्यात बघायचं ते एवढं: अनुसूचित जमातीचं कुटुंब आहे का, त्याचं पोट जंगलावर, जंगलजमिनीवर आहे का, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतंय का. घरातल्या कोणी मजुरीला बाहेर जाऊ नये असं त्यात कुठंही नाही. पट्टा नवराबायकोच्या दोघांच्या नावानं होतो, वारसानं पुढं जातो, विकता येत नाही. म्हणजे नातू चाकणला असला तरी आजीची खाचरं त्याच्याकडंच येणार. आणि ब्रेक मिळाला की तो तिथंच येतो, दुसरीकडं जाईल कुठं?

अधिकाऱ्यांच्या डोक्यात आदिवासी म्हणजे लंगोटी आणि कोयता असं चित्र आहेच. जीन पँट घालून दाव्याचं विचारायला गेलं, तर "तू आदिवासी वाटत नाहीस" असं एका कार्यालयात आम्हाला ऐकवलंय. त्यांच्या हातात आपणच कारण द्यायचं का? ग्रामसभेच्या ठरावात 'मुलगा कंपनीत' असं लिहिलं, तर उपविभागीय समितीला शोधायलाच नको. म्हणून समितीतल्या बाबा लोकांना, मामांना विनंती आहे. ठरावात कोण काय कपडे घालतो, कुठं मजुरीला जातो हे लिहू नका. कोणती खाचरं, किती गुंठे, कधीपासून, बांध कोणी घातला, हे लिहा. म्हाताऱ्या माणसांचा जबाब जोडा, तो पुरावा म्हणून चालतो. कोणाचं नाव वगळलंच तर कारण लेखी द्या, म्हणजे त्याला साठ दिवसांत वर दाद मागता येईल. आणि कातकरवाडीची घरं यादीत आली का, ते आधी बघा.

चाकणच्या पोरांनाही सांगणं आहे. गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी दुपारी आम्ही कुरुळीच्या खोलीवर दाव्याचे कागद भरायला बसतो. दुमक्याचा भाऊ पण बसतो. त्याला मराठी येत नाही, पण नकाशा आमच्यापेक्षा नीट काढतो. त्या आजीच्या नातवाचा कागद अजून आलेला नाही. तो निघोज्याकडं राहतो असं कळलंय. ज्याला भेटेल त्यानं सांगावं, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन ये, आजी वाट बघते.