सोशल मीडियाचा कानोसा : फुकट की पैसे मोजून?

आपल्या दुकानाबद्दल किंवा संस्थेबद्दल लोक ऑनलाइन काय बोलतात, हे कळायला हवेच. पण त्यासाठी पैसे मोजायचे का?

फुकटात काय? गुगल अलर्ट्समध्ये नाव नोंदवले की ते वेबवर नव्याने दिसल्यावर ईमेल येतो. फेसबुक, इन्स्टाग्रामवरचा बराचसा मजकूर मात्र त्यात सापडत नाही. शिवाय फुकटाचा भरवसा नसतो. मोफत असलेले ट्वीटडेक २०२३ मध्ये सशुल्क झाले. मेटाने क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये बंदच केले.

पैसे देऊन काय? ब्रँडवॉच, मेल्टवॉटरसारखी साधने अनेक ठिकाणच्या पोस्ट एकत्र दाखवतात, सूर कौतुकाचा की नाराजीचा हेही सांगतात. पण ‘वा, काय सेवा आहे!’ यातला टोमणा यंत्राला कळेलच असे नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधले बोलणे तर एन्क्रिप्शनमुळे अशा साधनांना वाचताच येत नाही. तसा दावा करणाऱ्यापासून दूरच राहा.

मग निवड कशी? आधी महिनाभर फुकटची साधने वापरा आणि रोज दहा मिनिटे स्वतः शोधा. नाव देवनागरीत, रोमन लिपीत आणि चुकीच्या स्पेलिंगनेही टाकून पाहा. उल्लेख हाताने मोजणे आवाक्याबाहेर गेले, तरच पैशांचा विचार करा. तोही चाचणी काळात मराठी पोस्ट सापडतात का, हे तपासून. तक्रारीला उत्तर देणारा माणूसच नेमला नसेल, तर मात्र महागडे साधनही वाया जाईल.