चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

गावाकडे गेलं की "तू कॉम्प्युटरमधला ना" या एका नात्यावर काहीही दाखवलं जातं. बंद पडलेला प्रिंटर, मोबाईल, एकदा तर चक्क इन्व्हर्टर! यावेळी मंचरच्या बाजूच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर निघाला. नवीन मशीन घेतायत, त्यावर लिनक्सची कोणती आवृत्ती टाकायची, एवढाच प्रश्न. सॉफ्टवेअरवाला म्हणतो सेंटओएस ७ च टाका, आमचं सगळं त्यावर चालतं. एका संचालकांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग करतो, तो म्हणतो एकदम लेटेस्ट टाका. दोघंही ठाम.

माझं दोघांशीही पटत नाही. आणि हाच वाद आपल्या ऑफिसांतही रोज चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सेंटओएस ७ आलं २०१४ मध्ये, आणि ३० जून २०२४ ला त्याचे अपडेट बंद झाले. त्या दिवशी कुठलाही सर्व्हर बंद पडला नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. चालतंय तर चालतंय. पण त्यानंतर सापडणारं प्रत्येक नवं भोक सगळ्या जगाला कळतं आणि तुमच्याकडे दुरुस्ती येत नाही. (काही कंपन्या पैसे घेऊन पुढेही दुरुस्त्या देतात, पण नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी हा खर्च कशाला?) लोकांच्या ठेवींचा हिशेब असलेलं, नेटला जोडलेलं मशीन असं ठेवणं मला मान्य नाही.

मग लेटेस्ट? सेंटओएस ८ चीच गोष्ट बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये आलं, २०२९ पर्यंत चालणार होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीस बंद. म्हणजे हौसेने नव्यावर गेलेले आधी उघड्यावर पडले आणि ७ वर बसलेल्यांना आणखी अडीच वर्षं मिळाली! मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या स्टेबलमध्ये तो पोचलाच नव्हता, नवं नवं लगेच घेणाऱ्यांकडे पोचला होता.

म्हणून मी आवृत्तीचा आकडा बघतच नाही, दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत येणार ते बघतो. रेड हॅटवाले तर जुन्याच आकड्याच्या पॅकेजमध्ये नव्या दुरुस्त्या भरत राहतात. ऑडिटरचा स्कॅनर नुसता आकडा वाचून बोंब मारतो, ते वेगळं :-)

जुनं ठेवणं योग्य कधी? त्याचं उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे, खोडदला. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे सिग्नल एकत्र करण्यासाठी २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरांचा लिनक्स क्लस्टर उभा केला गेला. अशा कामात सिग्नल आत घेणाऱ्या कार्डाचं ड्रायव्हर एका विशिष्ट कर्नलला बांधलेलं असू शकतं. कर्नल हलला की ड्रायव्हर पुन्हा बांधा, पुन्हा तपासा. त्यात एखादं निरीक्षण हुकलं तर तो क्षण परत येत नाही. असं मशीन बाहेरच्या नेटपासून तोडून वर्षानुवर्षं आहे तसं ठेवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पतसंस्थेचा सर्व्हर मात्र या जातीचा नव्हे.

सॉफ्टवेअरवाल्याची भीती अगदीच खोटी नाही हेही सांगायला हवं. यांचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ होतं. २.२८ मध्ये अक्षरं लावण्याचा क्रमच बदलला. नेहमीच्या इंग्रजी लोकेलमध्ये '११' आधी यायचं आणि '१-१' नंतर, आता उलटं. यांचे खातेक्रमांक असेच, मधे आडवी रेघ असलेले! जुन्या डिस्कवरच्या फायली उचलून नव्या मशीनवर ठेवल्या, तर इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणार. खातं टेबलात असतं, पण सापडत नाही. कुठे एरर नाही, काही नाही. काउंटरवरची बाई खातेदाराला सांगणार, "काका, तुमचं खातंच नाहीये." यावर उपाय आहे, डंप काढून नव्यावर भरा किंवा सगळे इंडेक्स पुन्हा बांधा. पण आधी माहीत पाहिजे.

आमच्याकडचे द्राक्षवाले बघा. डॉगरिजचा खुंट लावायचा, चिवट आणि पाण्याचा ताण सोसणारा, आणि कलम करायचं ते बाजारात चालेल त्या जातीचं. सर्व्हरचंही मी असंच करतो. खाली मुरलेली ओएस, आणि नवीन भाषा, नवीन लायब्ररी जे काय हवं ते वर कंटेनरमध्ये. फक्त कर्नल खालचाच वापरला जातो, त्यामुळे खुंट किडका असून चालत नाही.

तर मी अल्मालिनक्स ९ सुचवलं. १० आलंय २०२५ मध्येच, पण ९ ला २०३२ च्या मे पर्यंत दुरुस्त्या आहेत आणि तोवर हे मशीनच बदलायला येईल. सॉफ्टवेअरवाला कुरकुरला, "आम्ही टेस्ट केलं नाही." मग करा की! वार्षिक मेंटेनन्सचे पैसे कशाचे घेता? ३१ मार्च आणि ऑडिट उरकलं की एका रविवारी बदल करायचा असं ठरलंय. जुनं मशीन नेटची वायर काढून महिनाभर बाजूला ठेवायचं, पण फॉरमॅट करायचं नाही.