प्रशस्तिपत्रापलीकडचे फादर स्टीफन्स

१/ दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला की मराठीची थोरवी गाणाऱ्या चार-पाच ओव्या समाजमाध्यमांवर फिरू लागतात. खाली नाव असते फादर थॉमस स्टीफन्स. दुसऱ्या दिवशी कवी पुन्हा विस्मरणात जातो. सुमारे ११,००० ओव्यांच्या महाकाव्यातून केवळ स्वभाषेची स्तुती वेचून घेणे हा गौरव नव्हे. ती उपेक्षाच होय.

२/ १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली. पुढे तेथे युरोपीय मुलांसाठी शाळा निघाल्या आणि सह्याद्रीच्या माथ्यावर इंग्रजी रुजली. त्याच्या सुमारे २८० वर्षे आधी एक इंग्रज नेमका उलट दिशेने चालला होता. तो मराठी शिकवायला नव्हे, शिकायला बसला.

३/ स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यातला. रोममध्ये ते जेझुइट झाले, ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

४/ याच काळात इंग्लंडात जॉन डन आणि जॉर्ज हर्बर्ट ईश्वराशी काव्यातून वाद घालत होते. हर्बर्ट तर विल्टशरमधल्याच एका खेड्यात धर्मगुरू होता. दोघांचेही काव्यसंग्रह १६३३ मध्ये, मरणोत्तर निघाले. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे दोघे पाठ असतात. त्यांचा मराठीत लिहिणारा देशबांधव मात्र ना इंग्रजीच्या वर्गात भेटतो, ना मराठीच्या.

५/ शैलीचा भेद लक्षणीय आहे. डन प्रेमिकांच्या विरहाला कंपासची उपमा देतो. परिचित भावनेला अनपेक्षित रूप देतो. स्टीफन्स यांच्यापुढचे काम याच्या उलट होते. अपरिचित कथा परिचित करायची होती. म्हणून त्यांनी ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ग्रंथाला पुराण म्हटले.

६/ मात्र हे पुराण लिहावे का लागले? सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. पुराणाच्या आरंभीच एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीला सांगतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता त्यांच्या जागी काही द्या. या मागणीत श्रद्धा आहे, तशी पोकळीही आहे. ती पोकळी ज्या सत्तेने निर्माण केली, तिच्याच छत्राखाली कवी लिहीत होता.

७/ एक पक्ष त्यांना मराठीचा निर्मळ प्रेमिक ठरवतो आणि देवळांची राख विसरतो. दुसरा पक्ष त्यांना निव्वळ धर्मप्रचारक म्हणून बाजूला सारतो आणि ओवी विसरतो. दोन्ही पक्षांचे साम्य एकच: ग्रंथ उघडायचा नाही.

८/ १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले: देशी भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोला. ज्या ख्रिस्ती प्रजेसाठी हे पुराण रचले, तिच्याच तोंडून तिची वाणी काढून घेण्याचा हा घाट होता. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी हस्तलिखिते टिकली आणि १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून ग्रंथ पुन्हा छापला.

९/ फर्मानाला जे साधले नाही, ते वर्षातून एकदा ओव्या पुढे ढकलण्याने साधू नये. हा कवी प्रशस्तिपत्र देणारा पाहुणा नव्हता. त्याच्याशी भांडता येते, त्याला दोषही देता येतो. पण त्यासाठी आधी त्याला वाचावे लागते.