वाघाचा पत्ता कुणाला द्यायचा?

मुलांनो, मध्य प्रदेशातलं पन्ना हे वाघांसाठी राखलेलं जंगल. चोरट्या शिकारीपायी २००९ सालापर्यंत तिथं एकही वाघ उरला नव्हता. मग कान्हा आणि बांधवगडहून वाघ आणून सोडले. त्यांना पिल्लं झाली आणि जंगल पुन्हा नांदतं झालं. या नव्या पिढीतल्या एका तरण्या वाघाच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी जीपीएसचा पट्टा बांधला. वाघ कुठं आहे ते पट्टा उपग्रहामार्फत कळवायचा आणि ती नोंद ई-मेलनं शास्त्रज्ञांकडं यायची.

जुलै २०१३ मध्ये कुणीतरी त्या ई-मेलच्या खात्यात शिरायला बघितलं. कुठून, माहितीये? हजार किलोमीटरवरच्या आपल्या पुण्यातून! यंत्रणेनं तो प्रयत्न तिथंच अडवला. आत शिरू पाहणारा शिकारी होता असं काही सिद्ध झालं नाही. पण समजा असता तर? दिवसभर रान तुडवून ठसे शोधायची गरजच उरली नसती. घरबसल्या पत्ता हातात!

मग असल्या नोंदी कायमच्या कपाटात कोंडून ठेवायच्या का? तेही बरं नव्हे. नागपूर-शिवनी महामार्गाखाली पेंचजवळ प्राण्यांना जायला वाटा ठेवल्या आहेत. अशी वाट कुठं ठेवायची हे ठरवायला प्राणी कुठून ये-जा करतात ते कळायला नको? एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, त्या अशा.

त्यासाठीच जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतून ‘मूव्हबँक’ नावाचं कोठार चालतं. जगभरचे शास्त्रज्ञ करकोच्यांपासून हत्तींपर्यंत सगळ्यांच्या प्रवासाच्या नोंदी तिथं फुकट ठेवतात. नोंदी मात्र ज्याच्या त्याच्याच राहतात. मला आवडतं ते तिथलं कुलूप. अभ्यास कशाचा आहे हे लोकांना दिसू द्यायचं का, नकाशावरची वाट दाखवायची का, आणि नोंदी उतरवून घेऊ द्यायच्या का, या तिन्ही गोष्टी मालकानं वेगवेगळ्या ठरवायच्या. म्हणजे ‘आमच्याकडं वाघाच्या नोंदी आहेत, हव्या असतील तर विचारा’ असं सांगता येतं आणि वाघही सुरक्षित राहतो.

आता जागेची गंमत बघा. पट्ट्यानं तासाला एक नोंद दिली तर वर्षाच्या होतात ८,७६० ओळी. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही कमी जागेत त्या मावतात! उलट जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो आणि चित्रफिती जागा नुसती खात सुटतात. म्हणजे सगळ्यात कमी जागा लागणाऱ्या गोष्टीलाच सगळ्यात भक्कम कुलूप लागतं. आमच्या वर्गात हे सांगितल्यावर एक पोरगी म्हणाली, “बाई, सोन्यासारखंच की!” अगदी बरोबर बोलली.

अमेरिकेतल्या ‘ओएसएफ’ या कोठारानं तर जागेचा हिशेबच कुलपाशी जोडलाय. संशोधन झाकून ठेवलंत तर ५ जीबी जागा, सगळ्यांना उघडं केलंत तर ५० जीबी. उघडं करणाऱ्याला दहापट! लोकांनी आपलं काम वाटावं म्हणून ही युक्ती चांगली आहे. तरी मला विचाराल तर वाघाच्या पत्त्याला ती लावू नये. जागेच्या लोभानं कुलूप काढायचं नसतं.

‘आयनॅचरलिस्ट’वर तुमच्या-माझ्यासारखी माणसंही पक्षी, फुलपाखरं, साप यांच्या नोंदी करतात. प्राणी दुर्मीळ, धोक्यात आलेला असला, तर नकाशावर नेमकी जागा दिसतच नाही. साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी एक ठिपका दिसतो, बस्स. या भागात तो प्राणी आहे एवढं अभ्यासकाला कळतं, पण शिकाऱ्यानं शोधायचं कुठं? खरा ठिपका दिसतो नोंद करणाऱ्याला, आणि त्यानं ज्यांच्यावर विश्वास टाकलाय त्यांना.