तर्रीचा हिशेब



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील एका उपासकाचे पुण्यानुमोदन होते. वय अवघे ४४ वर्षे. ऑटो चालवायचा, विहाराच्या प्रत्येक कामात पुढे. रात्रीचे जेवण झाल्यावर त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली. घरच्यांना वाटले, गॅस झाला असेल. ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळून दिली. पहाटे अंगाला दरदरून घाम सुटला, डावा हात भरून आला, तेव्हा कुठे धावाधाव झाली. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते. मागे पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि ऑटोचे राहिलेले हप्ते.

त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजींची धम्मदेसना झाली, आदरांजलीची भाषणे झाली. एक भाषण माझेही झाले. नंतर पंगत बसली. पुरी, वांगे-बटाट्याचा रस्सा, मसालेभात, बुंदी. रश्श्यावर लाल तेल तरंगत होते. शेजारी बसलेले काका कौतुकाने म्हणाले, "वा! तर्री झकास आली!" मीही वाटी पुढे केली. दुसरा घास घेताना समोर खुर्चीवर ठेवलेल्या, हार घातलेल्या फोटोकडे लक्ष गेले. पुढचे जेवण मला गेले नाही.

कालकथित बंधूला तर्रीनेच मारले असे मी म्हणणार नाही. बारा-चौदा तास ऑटोची सीट, दिवसाला चार-पाच खर्रे, डोक्यावर कर्ज. बी.पी. कधी मोजले नव्हते, साखर कधी तपासली नव्हती. २००४ साली ५२ देशांतील रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अॅटॅकमागची नऊ मुख्य कारणे त्याने दाखवली. तंबाखू, वाढलेली चरबी, बी.पी., मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, फळे-भाजीपाला न खाणे, व्यायाम नसणे आणि दारूसंबंधीच्या सवयी. याच अभ्यासात असेही दिसले की आपल्या भागातील माणसांना हा झटका इतर देशांपेक्षा काही वर्षे आधीच येतो. म्हणजे ऐन कमावत्या वयात. या नऊ कारणांपैकी निम्म्याहून अधिक कारणांचा रस्ता चुलीवरून जातो, आणि तेवढा रस्ता तरी आपल्या हातात आहे.

घरी येऊन मी म्हटले, उद्यापासून आपल्याकडे तेल मोजून घालायचे. आई सत्तरीची. ती एकदम भडकली. "आता कुठं पोटभर भेटून राह्यलं, त तू तेल मोजून राह्यला?"

तिच्या या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. तिने काय दिवस काढले ते मला ठाऊक आहे. अंबाडीची भाजी कण्या घालून नुसत्या पाण्यात शिजायची. तेलाचे बोट लावायचे ते सणाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो तिने खाल्ली आहे. मांस आले तर ते एका दिवसात संपवायचे नाही, वाळवून चान्या करायच्या आणि पुरवून पुरवून खायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या माणसांच्या अशाच चुलींची नोंद केली आहे. ज्यांच्या घरी असे दिवस गेले असतील, त्यांनी ते जरूर वाचावे.

अशा घरात पहिली नोकरी लागते, पहिला पगार येतो, तेव्हा पहिला बदल दिसतो तो कढईत. पाहुण्याच्या वाटीत तेल दिसले पाहिजे, नाहीतर 'पाण्यात शिजवलेले वाढले' असा बोल लागतो. भाकर मागे पडते, पांढरा भात आणि मैद्याची पुरी पुढे येते. यात मला आपल्या माणसांचा दोष दिसत नाही. ज्याला पिढ्यान्पिढ्या नाकारले गेले, त्याने मिळाल्यावर दोन पळ्या जास्त घेतल्या तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला? म्हणूनच टी.व्ही.वर येऊन 'उकडलेले खा, मांसाहार सोडा' असा उपदेश करणाऱ्यांचे आपल्या वस्तीत कोणी ऐकत नाही. त्यांना आपल्या ताटाचा इतिहास माहीत नसतो. पण आपल्याला तर माहीत आहे ना? मग आपल्या ताटाचा हिशेब आपणच केला पाहिजे.

मी बी.कॉम. झालेला कारकून. मला हिशेबाशिवाय काही सुचत नाही. वहीत मांडून पाहिले. घरात पाच माणसे. १५ लिटरचा तेलाचा पिपा अडीच महिन्यांत संपायचा. म्हणजे महिन्याला ६ लिटर, माणशी १ लिटर २०० मिली. रोजचे माणशी ४० मिली, म्हणजे चहाचे आठ चमचे! डॉक्टर सर्वसाधारण माप सांगतात ते माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे रोज जेमतेम तीन चमचे. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, भाकरीच्या पिठाच्या दुपटीहून जास्त. रोज आठ चमचे तेल म्हणजे जवळजवळ दोन भाकरींची ताकद नुसती वरून ओतलेली. शेतात राबणाऱ्या आजोबांच्या शरीराने ती जाळली असती. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माझ्या शरीरात ती पोटावर बसते. आणि यात बाहेरचा समोसा, कचोरी, तर्रीपोहा धरलेलाच नाही.

वही आईपुढे ठेवली. तिने ती बाजूला सारली. तिचे मन वळवले ते वहीने नाही.

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले की दहा मिनिटे कोणीतरी बोलतो. माझी पाळी आली तेव्हा मी संयुत्त निकायातील राजा पसेनदीची गोष्ट सांगितली. कोसलचा हा राजा एका वेळी द्रोणभर भात खायचा. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला अन्न सोड असे सांगितले नाही, रागावलेही नाहीत. मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या व्याधी कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला दररोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला.

आई मागच्या रांगेत बसली होती. घरी जाताना म्हणाली, "राजाले कमी नव्हतं काही, तरी त्यानं मोजलं." त्यानंतर तिने स्वतःच एक लहान बाटली शोधून काढली.

ती युक्ती आता आमच्या वस्तीतील अकरा घरांत सुरू आहे. पिप्यातून थेट कढईत तेल ओतायचे नाही. आठवड्याचे तेल रविवारी मोजून बाटलीत काढायचे. बाटली शनिवारपर्यंत पुरली पाहिजे. बुधवारी संपली, तर पुढचे तीन दिवस भरीत, वरण आणि चटणी. सुरुवातीला आमची बाटली दर आठवड्याला गुरुवारीच रिकामी व्हायची. आज आमचे तेल महिन्याला साडेतीन लिटरवर आले आहे. अर्ध्या लिटरचे माप अजून गाठता आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

चव कशी राखायची? आमच्या घरी सौ.ने शोधलेले उपाय सांगतो. कांदा-खोबरे तेलात तळण्याऐवजी तव्यावर कोरडे भाजून वाटायचे, म्हणजे रस्सा तसाच दाट होतो. फोडणी एक चमचा तेलाची, पण लसूण आणि सांभार भरपूर. मटण आधी शिजवून, थंड करून, वर गोठलेली चरबी चमच्याने काढून टाकायची आणि मग मसाला घालायचा. मटण सोडा असे मी म्हणत नाही, पण दर रविवारचे दोन रविवारांवर आणा. वजडी-कलेजी कधीतरीच. मासळी मात्र चांगली, फक्त तळलेली नको. सुकट-बोंबील करण्यापूर्वी पाण्यात चांगले धुवून मीठ उतरवा.

तेल कोणते, हा प्रश्न बायका हमखास विचारतात. फल्ली, सोयाबीन, करडई, मोहरी, आलटून-पालटून वापरा. पामतेल आणि डालडा शक्यतो टाळा. डालड्यासारख्या वनस्पती तुपात आणि बेकरीच्या खारीत जी ट्रान्स फॅट असते, ती हृदयाला सर्वांत वाईट. सरकारने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील तिचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले आहे. पण नाक्यावरच्या कढईत तेच तेल सकाळपासून रात्रीपर्यंत उकळत असते, तिथे कायदा पोहोचत नाही. घरीही पुरीचे उरलेले काळे तेल दुसऱ्यांदा तळायला वापरू नका. आणि डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले पाहून भुलू नका. कोलेस्टेरॉल कोणत्याही वनस्पतीच्या तेलात नसतेच. जे मुळात नाही, ते नसल्याची जाहिरात!

मिठाचा हिशेब तर सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान ४० दिवस जायला हवा. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. आमचा पुडा २२ दिवसांत संपत होता! जादा मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो आणि बी.पी. चढते. बी.पी. दुखत नाही म्हणून कळत नाही. लोणचे, पापड, फरसाण, ठेचा यांतले मीठ याच हिशेबात धरायचे. ताटात वरून मीठ वाढणे तर आजच बंद करा.

भाकरीबद्दल थोडे. मी शाळेत असताना डब्यात ज्वारीची भाकर नेण्याची मला लाज वाटायची. पोळी नेणारी मुले हसायची. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि तीच ज्वारी-बाजरी आता मॉलमध्ये चकचकीत पाकिटांत विकली जाते. ज्वारीतला कोंडा पोटात जातो, पोट लवकर भरते, साखर सावकाश चढते. पण भाकर म्हणजे काही औषध नाही. चार भाकरी खाऊन वर भाताचा ढीग घातला तर उपयोग शून्य. सोबत तरोटा, अंबाडी, घोळ, चिवळ या आपल्या भाज्या हव्यात. पावसाळ्यात तरोटा फुकट उगवतो आणि आपण फ्लॉवर विकत आणतो. जवसाची चटणीही पुन्हा सुरू करा. जवसात हृदयाला उपयोगी अशी चरबी असते.

एक गोष्ट बजावून सांगतो. ज्यांना बी.पी.च्या, साखरेच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी जेवण सुधारले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. परमपूज्य बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने पोखरले होते आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. आज सरकारी दवाखान्यात तपासणी होते, गोळ्या मिळतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बी.पी. आणि साखर तपासावी. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही झाले तर ओवा-सोड्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. गॅसच निघाला तर चांगलेच. ई.सी.जी. काढल्याने कोणाचे नुकसान झालेले नाही. खर्ऱ्याविषयी पुढच्या एखाद्या अंकात स्वतंत्र लिहीन, कारण तेल निम्मे करून खर्रा तसाच ठेवणारे दोन-तीन सज्जन आमच्याही वस्तीत आहेत.

आता राहिला भोजनदानाचा प्रश्न. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या वाटेवर आमच्या वस्तीचा स्टॉल असतो. दरवर्षी पुरी-भाजी आणि बुंदी. गेल्या वर्षी समितीत बराच वाद होऊन भाज्या घातलेली खिचडी, कढी आणि केळी द्यायचे ठरले. आदल्या वर्षी तेलाचे सात पिपे लागले होते, या वेळी दोनच लागले आणि उरलेल्या पैशांत जास्त लोक जेवले. बहुतेकांनी आनंदाने खाल्ले. यवतमाळकडच्या एका आजीने मात्र द्रोण हातात घेऊन विचारले, "पुरी नाही का गा, बेटा?" ती रात्रभर प्रवास करून आली होती. तिला काय सांगावे ते मला सुचले नाही. मी तिला आणखी एक केळी दिली.

यंदा समितीतील चार जण म्हणतात, पुरी परत आणा, वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला खिचडी काय द्यायची? त्यांचे म्हणणे मला अगदीच चूक वाटत नाही. बैठक येत्या पौर्णिमेला विहारात आहे. मी वही घेऊन जाणार आहे, आणि या वेळी आईही येणार म्हणते.